सासूबाईंचा चेहरा, टेलरबाईंची गोष्ट

ऑफिसात तिला सगळे ओळबाई म्हणत. खरं नाव चांगलं सुटसुटीत होतं, पण एकोणीस वर्षं जी बाई फोटोखालच्या एका ओळीसाठी जिवाचं रान करते, तिला दुसरं काय म्हणणार? कागदोपत्री हुद्दा मात्र भारदस्त होता. संवाद अधिकारी. संस्था आंतरराष्ट्रीय, आवारात उंच अँटेना लावलेल्या पांढऱ्या गाड्या, आणि दारावरचा पहारेकरी असा, की पिशवी तपासल्याशिवाय ओळखीचं हसतसुद्धा नसे. हा थाट पाहून शेजारणींची समजूत झाली होती, की ही बाई रोज हेलिकॉप्टरमधून धान्याची पोती खाली सोडते. प्रत्यक्षात ती दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सचं मशीन आणि पाण्याचा जार यांच्यामधल्या बोळकांडीत बसायची आणि दिवसभर लोकांना छळायची.

छळायची म्हणजे कसं, तर एखादा इंजिनियर नव्या हातपंपाचा फोटो घेऊन आला की हिचे प्रश्न सुरू. पंपाशेजारी उभी आहे ती बाई कोण? पाणी भरायला आली होती की फोटोसाठी उभी केली? कडेवरचं मूल तिचंच ना? फोटो काढू का, असं तिला विचारलंत का? इंजिनियर काकुळतीला येऊन म्हणे, "अहो, मी पंपाचा फोटो काढला. बाई आपोआप आली." ओळबाई फोटो त्याच्याकडे परत सरकवायची. "आपोआप आलेल्या बाईलाही नाव असतं. ते घेऊन या." हातपंप बसवायला दोन दिवस लागतात आणि त्याचा फोटो ओळबाईच्या तावडीतून सुटायला चार, असं गोदामातले लोक सांगत.

तिचं म्हणणं तसं साधं होतं. पूर येतो, वादळ येतं, माणसाचं घर जातं, भांडी जातात, कागदपत्रं जातात. मग आपण जातो कॅमेरा घेऊन. जो चेहरा उरलाय तो घेऊन येतो आणि जगभर लावतो. निदान तो कुणाचा, एवढं तरी बरोबर लिहावं. हे ती इतक्या तळमळीने आणि इतक्या वेळा सांगे, की नव्या लागलेल्या मुलींना महिन्याभरात ते पाठ होऊन जाई. मला विचाराल तर तिचं बरोबरच होतं. पण कायम बरोबर असणारं माणूस शेजारच्या टेबलाला फार दिवस सोसवत नाही, हेही तितकंच खरं.

तर अशा या ओळबाईच्या हातून नोकरीच्या विसाव्या वर्षी अशी चूक झाली, की दुसऱ्या कुणी केली असती तर तिने त्याला ऑफिसात तोंड दाखवायला जागा ठेवली नसती.

झालं असं. संस्थेने नवा कॅमेरा घेतला. त्याला बटणं इतकी, की हात बसवायला म्हणून ओळबाईने तो रविवारी घरी नेला. घरात समोर कोण, तर सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ, नजर धारदार आणि आवाज तिच्याहून धारदार. त्या वेळी त्या दारात उभ्या होत्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आपली स्कूटर पुन्हा यांच्या कुंड्यांना टेकवून लावतात का, हे पाहणं चाललं होतं. अंगात विटका गाऊन, केस विस्कटलेले, कपाळावर आठ्या, डोळे दूर कुठेतरी लागलेले. उजेड छान पडला होता. ओळबाईने कळ दाबली. मग आणखी दाबली. सकाळभरात साठेक फोटो निघाले आणि सासूबाईंना त्याचा पत्ता नव्हता. स्कूटर खरंच कुंड्यांना टेकली होती आणि त्या आपल्या कामात होत्या.

दोन दिवसांनी तोच कॅमेरा घेऊन ओळबाई नदीपलीकडच्या वसाहतीत गेली. पुरात घरं गेलेल्या दोनशे कुटुंबांसाठी संस्थेने तिथे पत्र्याचे निवारे बांधले होते. वेगवेगळ्या गावांतून आलेली माणसं, एकमेकांना नवखी. तिथे तिला टेलरबाई भेटल्या. पाणी घरात शिरलं तेव्हा टेलरबाईंनी शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड जागच्या जागी सोडला, वरचं मशीन तेवढं काढून डोक्यावर घेतलं, एका हाताने ते सावरलं आणि दुसऱ्या हाताने आठ वर्षांच्या लेकीचं मनगट धरलं. नऊ किलोमीटर चालल्या. वसाहतीत आल्यावर तेच मशीन एका लाकडी खोक्यावर बसवून, हाताने चाक फिरवत त्यांनी निम्म्या निवाऱ्यांना पडदे शिवून दिले. ओळबाई दोन तास त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. सगळं लिहून घेतलं, संमतीचा अर्ज वाचून दाखवला, सही घेतली, फोटो काढले. निघताना टेलरबाईंनी विचारलं, "मॅडम, हे छापून येणार ना नक्की? लोकांना सांगू का?"

"खुशाल सांगा," ओळबाई म्हणाली.

आता चूक कुठे झाली ते ऐका. वसाहतीत कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं, म्हणून तिने दुसरं घातलं. या दुसऱ्या कार्डाने फोटोंचे आकडे पुन्हा एकपासून मोजायला घेतले. म्हणजे एक्केचाळीस नंबरचे फोटो झाले दोन. एकात टेलरबाई मशीनवर हात ठेवून बसलेल्या, दुसऱ्यात सासूबाई स्कूटरवर डोळा ठेवून उभ्या. घरचे फोटो पुसायचे राहून गेले. ओळबाईने दोन्ही कार्डं मुख्यालयाला धाडली आणि सोबत आपला नेहमीचा नीटनेटका तक्ता. क्रमांक एक्केचाळीस, टेलरबाई, गोष्ट जोडली आहे.

मुख्यालय समुद्रापलीकडे. तिथे फोटो निवडणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एक्केचाळीस नंबर उघडला, तो नेमका पहिल्या कार्डावरचा, आणि म्हणे त्यांना पुढे काही बघवेना. काय ते डोळे. काय काय सोसलं असेल या डोळ्यांनी. दुसरा एक्केचाळीस उघडायची मग गरजच उरली नाही.

छापण्याआधी पान तपासायला ओळबाईकडे आलं. फोटो जड आणि नेट मंद, त्यामुळे फोटोच्या जागी नुसता राखाडी चौकोन दिसत होता. ओळबाईने मजकूर सात वेळा वाचला. दोन स्वल्पविराम काढले, एक घातला, मंजूर म्हणून कळवलं आणि समाधानाने चहा घेतला.

संस्थेच्या त्रैमासिकाचे गठ्ठे तीन महिन्यांनी एका सोमवारी आले. ओळबाई बैठकीत अडकली होती. ड्रायव्हरकाकांनी नेहमीप्रमाणे वसाहतींचे गठ्ठे गाडीत टाकले आणि दुपारपर्यंत वाटूनही आले. येऊन ते तिच्या टेबलाशी घुटमळले.

"बाई, घरी सगळं ठीक आहे ना? सासूबाई वगैरे?"

"ठीक आहे की. का हो?"

"नाही, पुरातून वाचल्या असं लिहिलंय, म्हणून म्हटलं."

मुखपृष्ठावर पानभर सासूबाई होत्या. विटका गाऊन, विस्कटलेले केस, दूर लागलेले डोळे. खाली ठळक अक्षरांत ओळबाईचीच ओळ : ‘सर्वस्व गमावलं, तरी शिलाई मशीन डोक्यावर घेऊन त्या नऊ किलोमीटर चालल्या.’ ज्यांनी उभ्या जन्मात शर्टाचं तुटलेलं बटण लावलं नव्हतं, त्यासाठीही ज्या स्वयंपाकघरातून सुनेला हाक मारत, त्या सासूबाई. ओळबाईने अंक उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा ठेवला. चेहरा काही बदलेना.

साहेबांच्या खोलीत मुख्यालयाला फोन लागला. साहेब म्हणजे इथल्या कचेरीचे प्रमुख, स्वभावाने भला माणूस, पण कुठलीही अडचण आली की चष्मा पुसत बसायचे. मुख्यालयातल्या बाई पडद्यावर आल्या त्या हसतच.

"अंक इकडे आधीच निघालाय, मुखपृष्ठ लोकांना फार आवडलंय. पत्रांवर पत्रं येताहेत. याच चेहऱ्याचं पोस्टर करायचं ठरलंय आमचं."

ओळबाईने सगळं सांगितलं. कार्ड, आकडे, कुंड्या, स्कूटर. पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "दुरुस्ती टाकूच. पुढच्या अंकात, तीन महिन्यांनी, शेवटच्या पानावर. तोपर्यंत तुम्ही आपण होऊन कुठे बोलू नका. आणि पोस्टरसाठी या सासूबाईंची सही तेवढी घेऊन पाठवा."

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "चला, मिटलं."

ओळबाईच्या घशाखाली ते काही उतरलं नाही. पण स्वतःच शेण खाऊन बसलेल्या माणसाने दुसऱ्याला कुठल्या तोंडाने शिकवायचं? अर्ज पर्समध्ये टाकून ती घरी गेली.

घरी बातमी आधीच पोचली होती. ड्रायव्हरकाकांनी बायकोला सांगितलं, बायकोने तिच्या बहिणीला, आणि ती बहीण सासूबाईंच्या भिशीत. सासूबाई दिवाणखान्यात बसून अंक डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघत होत्या.

"हा गाऊन?" त्या म्हणाल्या. "जगात जायचंच होतं, तर कपाटात चांगले कपडे नव्हते?"

"आई, चुकून झालं हो."

"केस तरी विंचरू द्यायचे होतेस."

पण खरं सांगायचं तर त्या फार काही रागावल्या नव्हत्या. दुपारपासून अकरा फोन आले होते. धाकट्या जावेने तर विचारलं होतं, की एवढं मशीन उचललंत तेव्हा कमरेला काही झालं नाही ना. "मी म्हटलं, सवय आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतःशीच हसल्या. मग हात पुढे केला. "आण तो अर्ज. कुठे सही करायची?"

आणि इथे एक अघटित घडलं. ओळबाईच्या वीस वर्षांत त्या अर्जावर हजारोंनी सह्या केल्या होत्या. तिने प्रत्येकाला तो वाचून दाखवला होता आणि प्रत्येकाने मध्येच ‘द्या हो इकडे’ म्हणून सही ठोकली होती. सासूबाईंनी मात्र चष्मा लावून तो पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला, मोठ्याने.

"माझा फोटो जगात कुठेही, कधीही, कसाही वापरता येईल. हं. त्याबद्दल मला काय मिळणार?"

"काही नाही."

"मग बरंय, कुणी मागायला येणार नाही. पुढे. माझी गोष्ट मी स्वतः सांगितली असून ती खरी आहे." त्या थांबल्या. चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. "कुठली गोष्ट?"

ओळबाईने मुखपृष्ठावरच्या आपल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ती मशीनवाली खरी कोण आहे? ती काय म्हणाली अंक बघून?"

"मी विचारलं नाही अजून."

"का?"

"भीती वाटली."

सासूबाईंनी अर्जाची घडी घातली आणि टेबलावरचा फोन सुनेकडे सरकवला. "लाव."

टेलरबाईंनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकायला जड गेलं. "अंक मिळाला, मॅडम. बाई छान दिसतात. कोण आहेत?"

"माझ्या सासूबाई."

मग टेलरबाई सांगू लागल्या. वसाहतीत शिवणघर बांधून झालं होतं, आठ नवी मशीनं येऊन पडली होती. त्याची किल्ली कुणाकडे द्यायची, म्हणजे शिवणघर कुणी चालवायचं, हे गुरुवारच्या सभेत ठरणार होतं. कालपर्यंत सगळे म्हणत होते, टेलरबाईच. "मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझं छापून येणार म्हणून. तुम्हीच म्हणालात, खुशाल सांगा. आता लोक म्हणतात, फोटो हिचा नाही, तर गोष्ट तरी हिची कशावरून? हिला मशीन घेऊन चालताना कोणी पाहिलं? खरंच आहे, माझ्या गावचं इथे कोणी नाही. आज संध्याकाळी नळावर एकीने मला थापाबाई म्हणून हाक मारली. माझी पोरगी बरोबर होती."

फोन ठेवल्यावर ओळबाईने तोंड ओंजळीत धरलं. सासूबाईंनी तिला मनसोक्त रडू दिलं, कारण रडताना मध्ये बोललेलं त्यांना स्वतःलाही आवडत नसे. मग म्हणाल्या, "गुरुवारी किती वाजता आहे सभा?"

"आई, मला बोलायला बंदी आहे."

"तुला आहे. मला कुणी काय सांगितलंय?"

ओळबाईने डोळे पुसले. चोरून काही करणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून बुधवारी तिने मुख्यालयाला चार ओळींचं पत्र लिहिलं. चूक माझी आहे, ती मी उद्या वसाहतीत जाऊन सांगणार आहे, आपली परवानगी मागत नाही, कळवते आहे. पत्राची प्रत साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी चष्मा पुसला, लावला, पत्र वाचलं, पुन्हा पुसला. शेवटी म्हणाले, "ड्रायव्हरला सांगा, रस्ता खराब आहे. लवकर निघा."

गुरुवारी सासूबाई खोलीतून बाहेर आल्या आणि ड्रायव्हरकाका उठून उभे राहिले. ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून बसवलेले, कानांत मोती, अत्तराचा वास फाटकापर्यंत. एकदा गबाळ्यात जगापुढे गेलेली बाई दुसऱ्यांदा ती चूक करणार नव्हती. गाडीत त्या सरळ पुढच्या सीटवर बसल्या आणि नदी येईपर्यंत ड्रायव्हरकाकांना गाडी कशी चालवावी ते सांगत राहिल्या.

शिवणघरासमोरच्या मोकळ्या जागेत सव्वाशे माणसं जमली होती. वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष होते निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांनी हयातभर सही जुळल्याशिवाय कुणाच्या हातावर पाकीट ठेवलं नव्हतं. टेलरबाई मागच्या रांगेत, मुलीला मांडीशी घेऊन बसल्या होत्या. ओळबाई पुढे झाली. तिने सगळं सांगितलं. दोन कार्डं, दोन एक्केचाळीस, पुसायचे राहिलेले फोटो. "चूक माझी आहे. गोष्ट टेलरबाईंची, चेहरा माझ्या सासूबाईंचा. त्या इथे आल्या आहेत."

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. मग हातातल्या अंकाकडे. पुन्हा सासूबाईंकडे. कुजबुज सुरू झाली. पोस्टमास्तर अंक घेऊन अगदी जवळ आले, एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि मान हलवली.

"मॅडम, राग मानू नका. ही फोटोतली बाई पार खचलेली आहे. या बाई तर लग्नाला आल्यासारख्या दिसतात. तुम्ही आधी फोटो चुकीचा आणलात, आता बाई चुकीची आणलीत."

"अहो, मीच आहे ती," सासूबाई म्हणाल्या आणि फोटोतल्यासारखं दीनवाणं दिसायचा प्रयत्न केला. ते इतकं वाईट जमलं की पुढच्या रांगेतल्या दोन बायका पदराआड हसल्या. ओळबाईला घाम फुटला. एवढी खटपट करून आणलेला पुरावा मोत्यांनी आणि अत्तराने वाया घालवला होता.

पोस्टमास्तरांनी मग मध्येच उभी असलेली आपली सायकल हातात घेतली. सभा पुढे न्यायची म्हणून शिवणघराच्या दाराशेजारच्या टेबलावरचे कागद आणायला ते निघाले, आणि जाता जाता सायकल त्यांनी शिवणघराच्या भिंतीला लावली. भिंतीशी डब्यांतून कुणीतरी रोपं लावली होती. सायकलीचं हँडल एका डब्यावर कललं आणि रोप वाकलं.

सासूबाईंच्या कपाळावर एक आठी पडली. मग दुसरी. मान किंचित पुढे आली, डोळे बारीक होऊन त्या सायकलीवर जाऊन लागले, ओठ मिटले. त्यांना स्वतःला त्याचं भानही नव्हतं.

"तीच," मागून एक बाई ओरडली. "अगं बाई, तीच आहे ही."

सव्वाशे माणसं एकदम हसली. अंक हातोहात फिरले, जो तो फोटो वर धरून सासूबाईंशी ताडून बघू लागला. पोस्टमास्तर काय झालं म्हणून वळले, आणि तीच जळजळीत नजर आता त्यांच्यावर आली. त्यांनी मुकाट्याने सायकल उचलून दुसरीकडे लावली. "ओळख पटली," ते म्हणाले. हसून हसून ओळबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सोसलेले डोळे म्हणून जग ज्यांच्यापुढे हळहळत होतं, त्यांनी सोसलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांची स्कूटर होती.

गर्दीतल्या एका आजीबाईंचं तेवढ्याने समाधान झालं नाही. त्यांनी सुईदोरा पुढे केला. "ओवून दाखवा बरं. म्हणजे मशीनवाली तुम्ही का ती, ते कळेल." सासूबाईंनी दोरा चाटला, सुई आभाळापुढे धरली आणि तीनदा नेम चुकला. चौथ्यांदा सवयीने हाक गेली, "अगं, जरा दे गं ओवून." पुन्हा हशा पिकला.

पण पोस्टमास्तर ते पोस्टमास्तरच. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "या बाई मशीनवाल्या नाहीत, हे झालं. टेलरबाई आहेत, हे कशावरून?" ओळबाईने पिशवीतून मोठा करून आणलेला दुसरा एक्केचाळीस नंबर काढला. तो पुढे धरणार, तोच टेलरबाई उठल्या. त्या आपल्या निवाऱ्यात गेल्या आणि जुनं काळं मशीन दोन्ही हातांनी धरून बाहेर आल्या. कुणाकडेही न बघता त्यांनी ते छातीपर्यंत उचललं, गुडघ्यात वाकून डोक्यावर घेतलं, उजवा हात वर सावरायला ठेवला आणि चालायला लागल्या.

मोकळ्या जागेला एक फेरी. माणसं बाजूला सरकून वाट देत होती. चालता चालता टेलरबाईंचा डावा हात नकळत खाली, बाजूला गेला. बोटं उघडीच राहिली, कशाला तरी शोधत असल्यासारखी. मागच्या रांगेतून त्यांची मुलगी उठली, धावत आली आणि आपलं मनगट तिने त्या हातात दिलं. हात मिटला. दोघी तशाच चालत राहिल्या.

आता कुणी हसत नव्हतं. पोस्टमास्तरांनी खिशातून किल्ली काढली. हात वर करा वगैरे म्हणायचं त्यांना सुचलं नाही आणि कुणी आठवणही करून दिली नाही. फेरी पुरी झाल्यावर टेलरबाईंनी मशीन शिवणघराच्या दारात उतरवलं आणि पोस्टमास्तरांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. मग मात्र असा कल्ला झाला की ड्रायव्हरकाका गाडीतून उतरून पळत आले. ज्या बाईने नळावर थापाबाई म्हणून हाक मारली होती, ती मान खाली घालून पुढे आली. टेलरबाईंनी तिला विचारलं, "तुझे पडदे आखूड झाले होते ना? उद्या घेऊन ये." सासूबाई तोवर आजीबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या आणि डब्यातल्या रोपांना पाणी किती घालायचं यावर दोघींचं वाजलं होतं.

ओळबाईला इतकं हलकं वाटत होतं, की तिला हसावं की रडावं कळेना. तिने कॅमेरा काढला. कार्ड रिकामं आहे ना, हे तीनदा पाहिलं. "टेलरबाई, एक फोटो काढू? मुलीसकट? या वेळी मुखपृष्ठावर तुम्हीच असाल. मुख्यालयाशी भांडावं लागलं तरी चालेल."

"काढा. पण खाली काय लिहिणार ते आधी वाचून दाखवा."

हे असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. अर्ज ती वाचून दाखवायची, ओळ कधीच नाही. ओळ ऑफिसात जाऊन लिहायची, झेरॉक्स आणि पाण्याच्या जारमध्ये बसून. तिने अंक उघडला आणि आपलीच ओळ मोठ्याने वाचली, "सर्वस्व गमावलं, तरी..."

"थांबा," टेलरबाई म्हणाल्या. "सर्वस्व कुठे गमावलं? घर गेलं. एका हाताला मशीन होतं आणि एका हाताला ही होती."

मुलगी आईकडे बघत होती. ओळबाई हातातल्या अंकाकडे बघत राहिली. सात वेळा वाचलं होतं. स्वल्पविराम काढले होते, घातले होते. आणि हा शब्द तिने वीस वर्षांत किती जणांच्या चेहऱ्यांखाली ठेवून दिला होता, याचा हिशोबच नव्हता. तो कुणी सांगितला म्हणून नाही, ओळ चांगली वाटते म्हणून. तिचे कान तापले. पण त्या लाजेतसुद्धा तिला एक विलक्षण आनंद होत होता, चुकीचं औषध घेणं बंद झाल्यावर होतो तसा.

"मग काय लिहू?" तिने विचारलं.

टेलरबाईंनी जरा विचार केला. किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "लिहा, पुरात घर गेलं. मशीन आणि मुलगी दोन्ही सोबत आणली."

"आई, आधी मी," मुलगी म्हणाली.

"मुलगी आणि मशीन," टेलरबाईंनी सुधारलं.

ओळबाईने तेवढंच लिहिलं, दोघींना वाचून दाखवलं, आणि मुलीने मान हलवल्यावर फोटो काढला.